अभंगाच्या बैठकीचे ध्वनिमुद्रण : गायकाच्या माइकमध्ये टाळ आणि तबला शिरतो तेव्हा काय करावे

समस्येचे स्वरूप

अभंग, भक्तिगीते किंवा नाट्यपदे यांच्या बैठकीचे मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. कार्यक्रमाच्या वेळी सभागृहात सारे काही व्यवस्थित ऐकू येते, प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक भरला जातो, आणि नंतर मिक्सिंगला बसल्यावर गायकाचा ट्रॅक एकटा ऐकला की त्यात आवाजाच्या जवळजवळ बरोबरीने टाळ, तबल्याची चाट (काठावरचा आघात) आणि कधी कधी पखवाजाची थापही ऐकू येते. गायकाचा आवाज थोडा वर घेतला की त्याच्याबरोबर टाळही वर येतो. शब्द स्पष्ट व्हावेत म्हणून ४ ते ८ किलोहर्ट्झचा भाग ३-४ डेसिबलने उचलला, तर टाळाची मुख्य वस्ती त्याच भागात असल्यामुळे शब्दांइतकाच टाळही उचलला जातो. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारे साधन) लावला की दोन ओळींमधल्या विसाव्यात टाळ उसळून पुढे येतो आणि गायक गाऊ लागताच पुन्हा मागे जातो. आवाजावर रिव्हर्ब (कृत्रिम घुमार) दिला की टाळालाही तो लागतो. तबल्याच्या स्वतःच्या माइकवर खणखणीत असलेली चाट गायकाचा ट्रॅक उघडताच पसरट आणि पोकळ होते.

यालाच ध्वनिमुद्रक ब्लीड किंवा स्पिल म्हणतात. चार-पाच कलाकार एका सतरंजीवर हाताच्या अंतरावर बसून वाजवत असताना तो पूर्णपणे थांबवता येणार नाही, आणि माझ्या मते थांबवण्याची गरजही नाही. मात्र एक गोष्ट मनाशी पक्की असायला हवी : गायकाच्या माइकच्या तोंडाशी आवाज आणि वाद्य यांचे जे प्रमाण ठरते, ते नंतर कोणत्याही फेडरने बदलत नाही, कारण फेडर दोन्ही गोष्टी सारख्याच वर-खाली करतो. म्हणून या दुखण्यावरचे खरे उपचार बैठक मांडतानाच होतात. मिक्सिंगच्या वेळी जे होते ते त्या प्रमाणाची झाकपाक असते. पुढील विवेचनात अंतर, कोन आणि मंचावरील आवाजाची पातळी यांना मोठी जागा दिली आहे आणि सॉफ्टवेअरला कमी, त्याचे कारण हेच.

आधी वाट शोधावी

उपाय सुरू करण्यापूर्वी शिरकाव कोणत्या वाटेने होत आहे हे निश्चित करणे आवश्यक आहे, कारण तीन वाटांचे तीन वेगळे उपाय आहेत. वाद्याचा आवाज थेट हवेतून गायकाच्या माइकपर्यंत येतो, ही पहिली वाट. तोच आवाज गायकासमोर ठेवलेल्या मॉनिटरमधून (कलाकारांना ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमधून) परत येतो, ही दुसरी. सभागृहाचे स्पीकर आणि भिंती यांच्याकडून फिरून येतो, ही तिसरी.

तपासणीसाठी साउंड चेकमधील काही मिनिटे पुरतात. गायकाने आपल्या जागी, माइकसमोर, नेहमीच्या पवित्र्यात पण न गाता बसावे. जागा रिकामी ठेवून ही तपासणी करू नये, कारण गायकाचे डोके आणि खांदे मागून येणाऱ्या आवाजाला जो आडोसा देतात तो मोजणीत असायला हवा. मॉनिटर आणि सभागृहाचे स्पीकर दोन्ही बंद ठेवून साथीदारांनी एक-दोन आवर्तने नेहमीच्या जोराने वाजवावीत आणि गायकाच्या ट्रॅकवरील पातळी टिपून घ्यावी. त्यानंतर फक्त मॉनिटर सुरू करून तेच पुन्हा करावे, आणि शेवटी सभागृहाचे स्पीकरही सुरू करावेत. मॉनिटर सुरू होताच पातळी लक्षणीय वाढली, तर माइकची जागा बदलून फारसे काही साधणार नाही, दोष मॉनिटरच्या मिक्समध्ये आहे. पहिल्याच मोजणीत पातळी वर असेल, तर दोष मांडणीत आहे. शेवटी गायकाने एकट्याने एक ओळ गावी आणि तिची पातळी टिपावी. आवाज आणि शिरकाव यांच्यात १५ डेसिबल किंवा त्याहून अधिक फरक असेल तर मिक्सिंग सुखाने होते. हा फरक १० डेसिबलच्या खाली गेला की वर वर्णन केलेली सगळी लक्षणे दिसू लागतात.

मुद्रण आधीच झालेले असेल, तर वाट शोधण्याचा दुसरा उपाय वेळेचा आहे. आपल्याकडच्या हवामानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ ते ३५० मीटर जातो, म्हणजे एक मीटर अंतर कापायला त्याला साधारण २.९ मिलीसेकंद लागतात. तबल्याच्या माइकवरील एखादी ठसठशीत चाट निवडावी, वेव्हफॉर्म मोठा करून तीच चाट गायकाच्या ट्रॅकवर किती उशिरा दिसते ते मोजावे. तो उशीर ३ ते ५ मिलीसेकंद असेल तर चाट थेट तबल्यावरून आली आहे. चाट दोनदा उमटलेली दिसली आणि दुसरी आणखी काही मिलीसेकंदांनी मागे असली, तर ती बहुधा मॉनिटरची आहे. २०-३० मिलीसेकंदांनंतर पसरट ठसा दिसत असेल, तर तो सभागृहाचे स्पीकर किंवा मागची भिंत यांच्याकडून आला आहे. ही मोजणी कंटाळवाणी वाटली, तरी अंदाजाने उपाय करत बसण्यापेक्षा तिने कितीतरी वेळ वाचतो.

आणखी एक शंका इथेच दूर करून घ्यावी. अनेकदा ज्याला आपण गायकाच्या माइकमधला टाळ समजतो तो प्रत्यक्षात मागे ध्रुपद धरणाऱ्यांच्या माइकमधून येत असतो. टाळकरीच ध्रुपदही धरत असेल, तर त्याच्या तोंडासमोरचा माइक हा व्यवहारात टाळाचाच माइक होतो, आणि तो कोरसच्या नावाने सर्व वेळ उघडा राहतो. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की मिक्समध्ये जमा होणारा सभोवतालचा आवाज सुमारे ३ डेसिबलने वाढतो. त्यामुळे एकेक माइक म्यूट करून, टाळ कुठे कमी होतो ते ऐकावे आणि मगच मुख्य गायकाच्या माइकला दोष द्यावा.

अंतर : सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक उपाय

तोंड आणि माइक यांच्यातील अंतर निम्मे झाले की माइकपाशी आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. टाळ मात्र आहे तिथेच असतो. गायक माइकपासून वीतभर अंतरावर गात असेल आणि तो चार बोटांवर आला, तर आवाज आणि शिरकाव यांच्यातील फरक सुमारे ९ डेसिबलने सुधारतो. कोणताही महागडा माइक घेऊन एवढी सुधारणा होत नाही. म्हणून पहिला प्रयत्न इथे करावा.

अडचण अशी की शास्त्रीय बैठकीत वाढलेले गायक माइकला चिकटून गात नाहीत, आणि त्यामागे योग्य कारणे आहेत. तार सप्तकात आवाज लावताना त्यांना मागे सरकायचे असते, हाताच्या हालचालींना मोकळीक हवी असते, स्वरमंडळ मांडीवर असते, आणि माइक चेहऱ्यासमोर आला की श्रोत्यांशी असलेला दुवा तुटतो. यातील प्रत्येक गोष्टीचा मान राखून तोडगा काढता येतो. माइकचा स्टँड बाजूने आणून बूम (स्टँडचा आडवा दांडा) खालून वर अशी तिरकी ठेवली, म्हणजे माइक हनुवटीच्या पातळीपासून तोंडाकडे पाहतो, तर चेहरा झाकला जात नाही आणि गायक आपोआप जवळ येतो. 'ताई, माइक इतका जवळ असला तरी आवाज फाटणार नाही, मी वर भरपूर जागा ठेवली आहे,' एवढे आश्वासन साउंड चेकच्या वेळी दिले आणि ते खरे करून दाखवले, की बहुतेक गायक सहकार्य करतात. मागे सरकण्याची सवय अनेकदा आवाज फाटण्याच्या जुन्या अनुभवातून आलेली असते. त्यासाठी २४ बिट मुद्रणात सर्वात मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (माइकच्या आवाजाला दिलेली वाढ) द्यावा. तेवढी मोकळी जागा असली की मुद्रणाच्या वेळी कॉम्प्रेसर लावण्याची गरज उरत नाही.

जवळ आल्याने दिशादर्शी माइकमध्ये, म्हणजे समोरचा आवाज जास्त आणि इतर बाजूंचा कमी घेणाऱ्या माइकमध्ये, खालचे स्वर फुगतात. हा परिणाम लो कट फिल्टरने (ठरावीक फ्रिक्वेन्सीखालचा आवाज कापणाऱ्या) आवरता येतो, आणि त्याच फिल्टरने पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाची घुमार आणि डग्ग्याचा खालचा भागही कमी होतो, हा मोठाच लाभ आहे. फिल्टर कुठे लावायचा हे गायकाच्या पट्टीवरून ठरवावे. काळी ४ मध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा आणि मंद्र पंचम १५६ हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे १२० हर्ट्झपर्यंतचा फिल्टर सहसा निर्धोक असतो. काळी १ मध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झवर येतो, तेव्हा ८० हर्ट्झच्या वर जाऊ नये. सर्वांना सरसकट एकच आकडा लावला की पुरुष गायकांचा खर्ज पातळ होतो.

कीर्तनकारांसारखे उभे राहून, मंचभर फिरून गाणारे कलाकार असतील तर हेडसेट माइकचा विचार जरूर करावा. ओठांच्या कोपऱ्यापासून २ सेंटीमीटरवर असलेला माइक १० सेंटीमीटरवरच्या माइकपेक्षा आवाज सुमारे १४ डेसिबलने अधिक घेतो. तो सर्व दिशांनी ऐकणारा असला, तरी कार्डिऑइडने (मागचा आवाज सर्वात कमी घेणाऱ्या दिशादर्शी माइकने) चहूबाजूंच्या आवाजात जे ४.८ डेसिबल वाचवले असते ते वजा जाऊन ९ डेसिबलच्या आसपास नफा उरतो. दिशादर्शी माइकच नेहमी सरस असतो ही समजूत त्यामुळे पूर्णपणे खरी नाही.

कोन : माइक कुठे बहिरा आहे ते वापरावे

बहुतेक बैठकींमधला मूळ दोष इथे आहे. गायकाच्या माइकचे तोंड गायकाकडे असते, म्हणजेच ते मंचाच्या मागच्या बाजूकडे असते. टाळकरी परंपरेने गायकाच्या मागे बसतो. परिणामी माइकच्या दृष्टीने टाळ थेट समोर येतो, आणि तो कितीही दिशादर्शी माइक असला तरी समोरून येणारा आवाज तो घेणारच. टाळकरी नेमका पाठीमागे असेल तर गायकाच्या शरीराचा थोडा आडोसा मिळतो. गायकाच्या खांद्याच्या बाजूने, माइकच्या अक्षापासून ३० अंशांवर बसलेल्या टाळकऱ्याला मात्र तो आडोसाही नसतो, आणि त्या कोनात कार्डिऑइड माइक जेमतेम अर्धा-पाऊण डेसिबल कमी करतो. सर्वात वाईट जागा तीच, आणि प्रत्यक्षात सर्वात जास्त वेळा तीच दिसते.

कार्डिऑइड माइक बाजूने, म्हणजे ९० अंशांवरून येणारा आवाज ६ डेसिबलने कमी करतो, १२० अंशांवर १२ डेसिबलने, आणि बरोबर मागे, १८० अंशांवर, तो सर्वात बहिरा असतो. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद दिशेने ऐकणारा माइक) बाजूने सुमारे साडेआठ डेसिबल कमी करतो आणि त्याची बहिरी जागा १२६ अंशांच्या आसपास असते. बरोबर मागे मात्र त्याला पुन्हा काहीसे ऐकू येते, तिथे तो समोरच्यापेक्षा १२ डेसिबलच्या आसपासच कमी असतो. शूअरचा एसएम ५८ आणि सेनहायझरचा ई ९३५ हे कार्डिऑइड आहेत, तर बीटा ५८ए आणि ई ९४५ हे सुपरकार्डिऑइड. ही आकडेवारी सिद्धांतातली आहे आणि प्रत्यक्ष माइकमध्ये वरच्या व खालच्या फ्रिक्वेन्सींना ती थोडी बदलते, पण मांडणी ठरवायला ती पुरेशी आहे.

या आकड्यांचा बैठकीत असा उपयोग होतो. तबला गायकाच्या उजव्या हाताला आणि पेटी डाव्या हाताला असते. तबला माइकच्या बाजूला १.२ मीटरवर, अगदी काटकोनात असेल, तर सुपरकार्डिऑइड त्याला साडेआठ डेसिबलने दाबतो. तोच तबला श्रोत्यांच्या दिशेने ७० सेंटीमीटर पुढे सरकवला, की कोन १२० अंशांचा होतो आणि तबला माइकच्या बहिऱ्या भागात जातो. सिद्धांताने इथे २० डेसिबलहून अधिक घट होते, प्रत्यक्षात सतरंजी, भिंती आणि गायकाचे अंग यांवरून परावर्तन होत असल्याने ती कमी असते, तरीही कानाला फरक तत्काळ जाणवतो. तबलजी आणि गायक यांची नजरभेट या मांडणीत उलट सुधारते, म्हणून कलाकारांचा विरोधही सहसा होत नाही. माइक खालून वर तिरका असला तर त्याची पाठ पुढच्या जमिनीकडे होते, आणि जमिनीलगतची वाद्ये त्याच्या मागे जातात, हा आणखी एक लाभ.

टाळकऱ्यालाही याच न्यायाने मागून काढून तबल्याच्या पलीकडे, किंचित पुढे, आत तोंड करून बसवावे. तबल्याशेजारी बसल्याने लयीची पकड सुटत नाही आणि टाळ माइकच्या बहिऱ्या भागात येतो. मंचावर जागा नसल्यामुळे किंवा परंपरेमुळे टाळकरी मागेच बसणार असेल, तर त्याला नम्रपणे एवढीच विनंती करावी : 'बुवा, टाळ छातीपाशी न धरता मांडीजवळ धरून वाजवाल का? गाणे अधिक स्वच्छ उतरेल.' मांडीजवळ धरलेल्या टाळाला गायकाच्या पाठीचा आडोसा मिळतो, आणि अनेक टाळकरी आपणहून तळव्याने आवर घालून, कमी झंकार ठेवून वाजवतात.

अंतर वाढवून टाळ कमी करण्याला मात्र एक मर्यादा आहे. बंद सभागृहात एका ठरावीक अंतरापलीकडे थेट आवाजापेक्षा घुमणारा आवाज जास्त होतो, आणि त्यानंतर वाद्य आणखी दूर नेल्याने काही मिळत नाही. साधारण ३००० घनमीटरच्या, १.२ सेकंद घुमार असलेल्या नाट्यगृहात हे अंतर ३ मीटरच्या जरा आत असते. ४०० घनमीटरच्या, एक सेकंद घुमार असलेल्या लहान कार्यालयात ते १.१ मीटरवरच संपते. लहान सभागृहात टाळकऱ्याला कोपऱ्यात पाठवूनही टाळ तेवढाच येतो, ही तक्रार म्हणूनच खरी आहे. अशा जागी कोन आणि अंतर यांपेक्षा खोली मऊ करणे अधिक कामाचे : खाली जाड गालिचा, आणि पाठीमागे ताणून बांधलेल्या फ्लेक्सऐवजी किंवा त्याच्यासमोर चुणीदार जाड पडदा. ताणलेला फ्लेक्स टाळासारखा वरच्या पट्टीतला आवाज थेट माइकच्या तोंडाकडे परत पाठवतो, आणि आपल्या मंचांवर तो जवळजवळ सर्वत्र असतो. आयोजकांना हे आधी सांगून ठेवावे, कार्यक्रमाच्या दिवशी सांगून उपयोग होत नाही.

कंडेन्सर माइक लांबचे आवाज अधिक ओढतो, ही समजूतही इथे तपासून घ्यावी. त्याची संवेदनशीलता जास्त असल्याने त्याला गेन कमी लागतो, एवढेच. आवाज आणि वाद्य यांचे प्रमाण माइकच्या दिशादर्शीपणावर आणि अंतरावर ठरते. नॉयमनच्या केएमएस १०५ सारखा सुपरकार्डिऑइड कंडेन्सर बाजूचा आवाज कमी तर घेतोच, शिवाय जो घेतो तो फारसा न बिघडवता घेतो. माझ्या अनुभवात हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा मोलाचा ठरतो. जो टाळ गायकाच्या माइकमध्ये येणारच आहे, तो टाळासारखा तरी यावा. स्वस्त माइक बाजूने आलेला आवाज कुबट आणि किरटा करतात, आणि शिरकाव नकोसा वाटण्यामागे त्याच्या पातळीइतकेच हे बिघडणेही कारणीभूत असते.

मॉनिटर

तपासणीत दोष मॉनिटरमध्ये सापडला, तर त्याची जागा माइकच्या बहिऱ्या भागात आणावी. कार्डिऑइडसाठी मॉनिटर बरोबर समोर, म्हणजे माइकच्या पाठीशी असावा. सुपरकार्डिऑइड माइक असेल तर एक मॉनिटर मध्यभागी ठेवण्यापेक्षा दोन मॉनिटर दोन्ही बाजूंना तिरके ठेवावेत. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी माइकचा प्रकार बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिले, की ब्लीड अचानक वाढतो, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

गायकाच्या मॉनिटरमध्ये टाळ देऊच नये, तो त्यांना तसाही ऐकू येत असतो. तबलाही शक्य तितका कमी द्यावा. तानपुरा आणि पेटी या दोन गोष्टी गायकाला खरोखर लागतात, आणि त्या माइकमध्ये परत शिरल्या तरी सुरातच असल्याने त्यांचा उपद्रव फार कमी होतो. शिरकाव कोणाचा आहे यावर त्याची गंभीरता ठरते : पेटीचा चालतो, तानपुऱ्याचा तर अनेकदा सुखावतो, चाटेचा आणि टाळाचा मात्र खुपतो, कारण त्यांचा आघात तीक्ष्ण असतो आणि काही मिलीसेकंदांच्या फरकाने दोनदा ऐकू आला की तो फुटतो. इन-इअर मॉनिटर वापरणारे गायक असतील तर ही वाट बंदच होते.

उभ्याने गाणारा वाद्यवृंद आणि ड्रमसेट

वाद्यवृंदात टाळाची जागा ड्रमसेटच्या झांजा आणि स्नेअर घेतात. ड्रमसेट मंचाच्या मध्यभागी मागे आणि गायक त्याच्या बरोबर पुढे, ही मांडणी दिसायला भव्य असली तरी माइकच्या दृष्टीने ती वर सांगितलेल्या टाळकऱ्याचीच मांडणी आहे. ड्रमसेट एका बाजूला, आत वळवून ठेवणे हा यावरचा पहिला उपाय. पारदर्शक पडदा लावायचा असेल तर ड्रमवादकाच्या मागे आणि वर आवाज शोषणारे काहीतरी हवेच, अन्यथा पडद्यावर आपटलेला आवाज वरून आणि मागून फिरून पुन्हा मंचावर येतो.

गायक हातात माइक धरत असतील, तर जाळी मुठीत धरण्याची सवय सोडवणे अत्यंत गरजेचे आहे. जाळीच्या मागची छिद्रे झाकली की माइकचा दिशादर्शीपणा जातो आणि तो चहूबाजूंनी ऐकू लागतो. गाणे नसताना माइक खाली करणारा गायक बहुतेक वेळा तो मॉनिटरकडे रोखतो, त्यामुळे ज्या गायकाची पाळी नाही त्याचा माइक ध्वनिव्यवस्थापकाने म्यूट ठेवावा, आणि त्यासाठी गाण्यांचा क्रम हातात असावा. मुद्रण मात्र म्यूटच्या आधीच्या टप्प्यावरून घ्यावे, म्हणजे एखादी ओळ चुकून म्यूट राहिली तरी ती ट्रॅकवर शिल्लक राहते.

विरुद्ध ध्रुवतेचा, म्हणजे एका माइकची ध्वनिलहर उलटी करून दुसऱ्यात मिसळण्याचा, उपायही माहीत असावा. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या बँडने १९७४ मध्ये आपल्या प्रचंड स्पीकरभिंतीसमोर गाताना प्रत्येक गायकासाठी दोन माइक एकमेकांच्या विरुद्ध ध्रुवतेने जोडले होते. दुरून येणारा आवाज दोन्ही माइकांत जवळजवळ सारखा पोहोचून परस्परांना छेदत असे, आणि गायक त्यातल्या एकाच माइकला लागून गात असल्याने त्याचा आवाज शिल्लक राही. हे चालते, पण गायकाने तोंड जरा हलवले की आवाज पातळ होतो. बैठकीतल्या गायकासाठी मी ते सुचवणार नाही.

मुद्रण झाल्यानंतर

हातात आलेल्या ट्रॅकमध्ये टाळ आहेच, असे गृहीत धरून मिक्सिंगचा क्रम उलटा करावा. आधी तबला, मग पेटी, आणि शेवटी गायक असे न करता, गायकाचा ट्रॅक प्रथम हव्या त्या पातळीला आणावा आणि त्यातच तबला-टाळ किती आहे ते ऐकावे. नंतर तबल्याचा माइक खालून, जेवढा कमी पडतो तेवढाच, मिसळावा. टाळाच्या माइकची गरज अनेकदा उरतच नाही. गायकाच्या ट्रॅकमधला टाळ हा त्या मैफिलीतल्या टाळाचाच एक भाग आहे असे मानून काम केले की निम्मी झुंज संपते.

मग वेळ जुळवावी. वर मोजलेला उशीर, उदाहरणार्थ ३.८ मिलीसेकंद, तबल्याच्या ट्रॅकला दिला, म्हणजे दोन्ही ठिकाणची चाट एकाच क्षणी पडते आणि पोकळपणा जातो. ध्रुवता उलटी करूनही ऐकून पाहावे आणि ज्यात डग्गा भरीव वाटेल ती ठेवावी. माइकांमधले अंतर वाद्याच्या अंतराच्या तिप्पट ठेवले की हा प्रश्न येत नाही, हा प्रचलित नियम दोन्ही माइकांचा गेन सारखा असतानाच लागू पडतो. हळू आवाजात गाणाऱ्या गायकाचा गेन १० डेसिबल वर असेल तर तिप्पट अंतरातून मिळालेले साडेनऊ डेसिबल तिथेच खर्च होतात.

गायकाच्या ट्रॅकवर गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. टाळाच्या आघाताने तो उघडतो, आणि 'विठ्ठल' सारख्या शब्दातला सुरुवातीचा मृदू 'व' कापला जातो. त्याहून वाईट म्हणजे गेट बंद असताना टाळाचा रंग एक आणि उघडा असताना दुसरा होतो, आणि श्रोत्याला कारण कळले नाही तरी अस्वस्थता जाणवते. ६ ते ८ डेसिबलहून अधिक न दाबणारा एक्स्पांडर (हळू आवाज बंद न करता फक्त कमी करणारे साधन), त्याच्या साइडचेनमधून, म्हणजे तो ज्या आवाजावरून उघड-मीट ठरवतो त्यातून, ३ किलोहर्ट्झच्या वरचा भाग काढून टाकलेला, हा अधिक सभ्य उपाय आहे. त्याहूनही उत्तम म्हणजे लांब विश्रांतीच्या जागा हाताने, हळुवार उतारांनी ८-१० डेसिबल खाली घेणे. तानपुऱ्याचा ट्रॅक पुरेसा भरलेला असेल तर हे उतार ऐकू येत नाहीत. कॉम्प्रेसर या सर्वांच्या नंतर लावावा आणि मोजका लावावा, कारण ६ डेसिबल दाबून तेवढाच गेन परत दिला की ओळींच्या मधला टाळ ६ डेसिबलने वर येतो. आवाजातील चढउतार आधी हाताने सारखे केले तर कॉम्प्रेसरला निम्मेच काम उरते. झळाळी देण्यासाठी साध्या इक्वलायझरऐवजी डायनॅमिक इक्वलायझर वापरावा, जो गायक गात असतानाच वरचा भाग उचलतो.

रिव्हर्बकडे जाणाऱ्या शाखेवर वेगळा फिल्टर लावून ४-५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कमी करावा. आवाजाचा रिव्हर्ब थोडा उबदार होतो, आणि टाळ त्यात फारसा शिरत नाही.

आवाज आणि वाद्ये वेगळी करणारी यंत्रशिक्षणावर आधारलेली सॉफ्टवेअर आता सहज मिळतात आणि ड्रमसेट किंवा कीबोर्डच्या बाबतीत ती बरेच काम करतात. टाळाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. टाळाचा झंकार आणि स, श, छ यांचे घर्षण एकाच भागात असल्यामुळे सॉफ्टवेअर टाळाबरोबर व्यंजनेही खाते, आणि सलग लांब स्वरावर पाण्याखालून आल्यासारखा थरार येतो. वेगळा केलेला आवाज मूळ ट्रॅकच्या जागी न ठेवता मूळ ट्रॅकच्या सोबत मिसळावा, आणि दोन्हींमध्ये वेळेचा किंचितही फरक नाही याची आधी खात्री करून घ्यावी. फरक असल्यास मिसळताना आवाजच पोकळ होतो. साधारण अर्धे-अर्धे प्रमाण ठेवले तर टाळ ४-५ डेसिबल मागे जातो आणि शब्द शाबूत राहतात. ज्या ओळींत टाळ नाही, उदाहरणार्थ सुरुवातीचा आलाप, तिथे फक्त मूळ ट्रॅक ठेवावा.

प्रक्रिया न केलेले सर्व ट्रॅक, साउंड चेकमधील गायक गप्प असतानाच्या आवर्तनांसह, वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावेत. त्या आवर्तनांत त्या मंचावरच्या शिरकावाचा शुद्ध नमुना असतो, आणि वेळेचा उशीर मोजायला किंवा एक्स्पांडरची पातळी ठरवायला त्याच्याइतके सोयीचे काही नाही.